संगणकावरचं गाणं कमी खर्चात कसं सुधारावं

घरात संगणक किंवा जुना लॅपटॉप आहे, त्याला दोन लहान स्पीकर जोडलेले आहेत, हार्ड डिस्कवर भरपूर गाणी साठली आहेत, आणि तरीही ऐकताना मन भरत नाही. गायकाचा आवाज चिरका लागतो, डग्गा नुसताच घुमतो, तानपुरा कुठे आहे ते कळतच नाही. ज्यांचं असं होतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. खर्चाची तयारी पाच ते पंधरा हजार रुपयांची आहे असं मी धरलं आहे. पहिल्या चार पायऱ्यांना मात्र जवळजवळ काहीच लागत नाही, म्हणून खरेदीला निघण्याआधी त्या पूर्ण करा.

बाजारात नव्या माणसाला आधी डॅक घ्यायला सांगतात, मग भारी तारा, मग ‘हाय-रेझ’ (सीडीपेक्षा बारीक मापाने नोंदवलेल्या) फायली. डॅक म्हणजे संगणकातल्या आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करणारा भाग. तो प्रत्येक संगणकात आधीपासून असतोच, आणि बहुतेक वेळा बरा असतो. कानाला जाणवणारा फरक उलट्या क्रमाने पडतो. सगळ्यात जास्त फरक स्पीकर आणि खोलीचा, त्याखालोखाल मूळ ध्वनिमुद्रणाचा, मग संगणकाच्या सेटिंग्जचा. डॅक आणि तारा शेवटी येतात. पैसे मोजके असतील तर हा क्रम सोडू नका.

पायरी १: तपासणीसाठी चार ध्वनिमुद्रणं निवडा

तुम्हाला अगदी पाठ असलेली चार ध्वनिमुद्रणं बाजूला काढा आणि प्रत्येक बदलानंतर तीच ऐका. दर वेळी वेगळं गाणं लावलं तर फरक स्पीकरचा की गाण्याचा, हे कळत नाही.

पहिलं, तानपुरा मोकळा ऐकू येणारा एखादा विलंबित ख्याल. यासारखी कसोटी नाही. जवारीमुळे तानपुऱ्याच्या तारेतून मूळ स्वरावर एकावर एक वरचे स्वर उमटतात, आणि जुळलेल्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. स्पीकर आणि जागा बरी असेल तर चारही तारा वेगळ्या कळतात. नसेल तर मागे नुसती सळसळ राहते. दुसरं, एकल तबला: चाटेचा कडक आवाज आणि डग्ग्याचा घुमारा दोन्ही स्वच्छ हवेत, एकाने दुसऱ्याला झाकता कामा नये. तिसरा, टाळ-पखवाजाच्या साथीचा एखादा अभंग. टाळ कानाला टोचत असतील तर वरच्या पट्टीत काहीतरी बिघडलेलं आहे.

चौथं ध्वनिमुद्रण मुद्दाम जुनं, मोनो (दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज देणारं) घ्या. बालगंधर्व किंवा हिराबाई बडोदेकर यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं एखादं पद चालेल. स्टिरिओ तबकड्या १९५८ साली बाजारात आल्या आणि आपल्याकडे मोनो त्यानंतरही बराच काळ चालू राहिलं, त्यामुळे असं काही ना काही प्रत्येकाकडे असतंच. मोनोचा उपयोग पुढच्याच पायरीत आहे.

पायरी २: स्पीकरची जागा

बहुतेक घरांत स्पीकर भिंतीला पाठ लावून, टेबलाच्या मागच्या कडेला, एक पडद्याच्या मागे आणि एक पुस्तकांच्या आड असे असतात. ते आधी मोकळे करा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हायला हवा. टेबलावर बसून ऐकणार असाल तर तीन फुटांची बाजू पुरते. वरचा छोटा ड्रायव्हर (आवाज काढणारा गोल भाग), म्हणजे ट्विटर, कानाच्या उंचीवर यावा. टेबल बुटकं असेल तर स्पीकरखाली कापडात गुंडाळलेल्या विटा ठेवा, किंवा पुढच्या बाजूला लाकडाची पट्टी सारून तोंड थोडं वर करा. दोन्ही स्पीकर किंचित आत, तुमच्याकडे वळवा.

मग भिंतीचा प्रश्न. भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरचा खालचा, म्हणजे खर्जाचा, आवाज वाढतो. एका भिंतीमुळे तो सहा डेसिबलपर्यंत चढू शकतो, कोपऱ्यात त्याहून जास्त. डग्गा फुगण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. आधी वीतभर पुढे ओढा आणि तबला ऐका, मग हातभर ओढून तोच तुकडा पुन्हा ऐका. जागाच नसेल आणि स्पीकरच्या पाठीला भोक असेल, तर त्यात एक गुंडाळलेला पायमोजा सरकवा. फुगवटा बराच बसतो.

आता ते मोनो पद लावा आणि दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसा. आवाज दोन्ही बाजूंना विखुरलेला न वाटता नेमका समोरून, मध्यातून आला पाहिजे. डावी-उजवीकडे झुकत असेल तर एक स्पीकर कोपऱ्यात आणि दुसरा उघड्यावर आहे का, ते बघा. आवाज कुठून येतो तेच कळत नसेल आणि खालचा आवाज नाहीसा झाल्यासारखा वाटत असेल, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्या आहेत. लाल-काळ्याची अदलाबदल एकाच स्पीकरला करा, दोन्हींना नाही. वर्षानुवर्षं उलट्या तारांनी चाललेल्या सिस्टिम घरोघरी आहेत आणि ही दुरुस्ती मिनिटभराची आहे.

पायरी ३: खोली

आपल्याकडची नेहमीची खोली दहा बाय बाराची, खाली टाइल्स आणि चारी बाजूंना प्लास्टर केलेल्या भिंती. अशा खोलीत दोन वेगवेगळे त्रास असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिला त्रास वरच्या आवाजाचा. खोलीच्या मध्यात उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझणीत ‘ट्र्र्र’ असा शेपूट ऐकू आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आवाज उसळ्या मारतो आहे. हा बंदोबस्त घरातल्या वस्तूंनी होतो. जमिनीवर सतरंजी घाला. समोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगा, भिंतीपासून चार बोटं सुटी राहील अशी. पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट ऐकणाऱ्याच्या पाठीमागे असेल तर फारच छान. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने खर्ज अजिबात शोषला जात नाही, वरच्या पट्टीतही फायदा नगण्य असतो आणि पुठ्ठ्याला आग लवकर लागते. नकोच ते.

दुसरा त्रास खर्जाचा. इथे थोडं गणित आहे, पण एका भागाकाराचंच. ५६५ या आकड्याला खोलीच्या लांबीच्या फुटांनी भागा, मग रुंदीच्या फुटांनी वेगळं. जो आकडा येईल तितक्या हर्ट्झचा (सेकंदाला तितकी कंपनं असलेला) आवाज त्या खोलीत सर्वांत जास्त घुमेल. बारा फुटांना ४७, दहा फुटांना साधारण ५६, आठ फुटांना ७० हर्ट्झ. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज धरा. तो सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणून तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या जवळ. आठ फुटी खोलीत नेमका तोच स्वर खोली स्वतःहून वाढवते. स्पीकर बदलून हा दोष जाणार नाही.

गोधडीनेही तो जात नाही. ५६ हर्ट्झच्या लहरीची लांबी सहा मीटर भरते, दोन-चार इंचांच्या कापडाची तिला अडचण होत नाही. इथे चालते ती बसण्याची जागा. भिंतीला टेकून बसलात तर घुमणं सर्वांत जास्त, खोलीच्या अगदी मध्यावर बसलात तर तोच स्वर गायब. मागच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर खुर्ची ठेवून बघा. पलंग भिंतीला असतो आणि हलवता येत नाही, हे मला माहीत आहे. निदान लक्ष देऊन ऐकायच्या वेळी खुर्ची पुढे घ्या.

सबवूफर (फक्त खालचे स्वर काढणारा वेगळा स्पीकर) असेल तर एक जुनी युक्ती करा. सबवूफर उचलून तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, खालच्या स्वरांचं काहीतरी लावा, आणि खोलीच्या कडेकडेने गुडघ्यांवर फिरा. जिथे खर्ज सर्वांत सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर कायमचा ठेवा.

खोलीतला गोंगाटही विसरू नका. छताचा पंखा पूर्ण वेगावर असेल तर गायकाच्या श्वासासारखे बारकावे त्याच्याखाली जातात. रेग्युलेटर दोनवर आणा. संगणकाचा स्वतःचा पंखा धुळीने भरला की कर्कश होतो. डबा उघडून ब्रशने साफ करा आणि तो टेबलावरून खाली ठेवा.

पायरी ४: संगणकाच्या सेटिंग्ज आणि गुणगुण

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जाऊन तुमचं आउटपुट उघडा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. बास बूस्ट, लाउडनेस इक्वलायझेशन, आभासी सराउंड हे सगळं यातच असतं. लॅपटॉपबरोबर आलेलं वेगळं साउंड सॉफ्टवेअर असेल तर त्यातलेही सगळे परिणाम बंद करा. विलंबितात गायक आवाज हळूहळू वाढवतो तेव्हा लाउडनेसवालं सेटिंग तो चढ सपाट करून टाकतं, म्हणून याबद्दल मी इतका आग्रही आहे. जुन्या साउंड पॅनेलमधल्या ‘कम्युनिकेशन्स’ टॅबवर ‘डू नथिंग’ निवडा, नाहीतर कॉल आला की गाणं आपोआप दबतं.

गाणी वाजवायला फूबार२००० घ्या. ते फुकट आहे, जुन्या मशीनवरही हलकं चालतं. त्याच्या आउटपुटच्या यादीत तुमच्या उपकरणापुढे ‘एक्सक्लुझिव्ह’ लिहिलेला पर्याय निवडला की विंडोजचा मिक्सर वाटेतून बाजूला होतो, गाण्याचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने, ते माप) बदलला जात नाही आणि मेलच्या टिंगटिंगी मध्ये येत नाहीत. रेट न बदलण्याने ऐकू येणारा फरक लहान असतो. एन्हान्समेंट्स बंद करण्याचा मात्र मोठा. लिनक्स वापरत असाल तर स्ट्रॉबेरी हा प्लेअर पुरेसा आहे.

आवाज कमी-जास्त स्पीकरच्या बटणाने करा. संगणकाचा व्हॉल्यूम नव्वदच्या आसपास आणि स्पीकरचं बटण खाली, असं ठेवलं की स्पीकरमधली सूं-सूं कमी होते. उलट ठेवलं तर ती वाढते.

ब्लूटूथवर ऐकायला हरकत नाही, पण एक अडचण जाणून असा. हेडफोनचा माइक एखाद्या कॉलसाठी चालू झाला की जोडणी बोलण्याच्या प्रकारात जाते आणि गाणं मोनो, फोनवरच्यासारखं होतं. कॉलचं ॲप पूर्ण बंद केलं की पूर्ववत होतं.

लॅपटॉपचा चार्जर काढला की स्पीकरमधली गुणगुण थांबते का? थांबत असेल तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात, म्हणजे ग्राउंड लूपमध्ये आहे, डॅकमध्ये नाही. लॅपटॉप, स्पीकर, मॉनिटर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तेवढ्याने बहुतेकदा भागतं. तरी राहिली तर इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनच्या मागे तारच नसते. गुणगुण घालवण्यासाठी थ्री-पिनची अर्थची पिन काढणारे लोक भेटतील. तसं कधीही करू नका, त्यात जिवाला धोका आहे. पाहिजे तर सिग्नलच्या तारेत बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर घ्या. काही शे रुपयांत मिळतो.

पायरी ५: फायली

सीडी १९८२ साली आली तेव्हापासून तिचं माप तेच आहे: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा. घरात ऐकण्यासाठी एवढं पुरेपूर आहे. १६ बिटमध्ये सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो आणि रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये तेवढी शांतता कधीच नसते. म्हणून २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फायलींसाठी जादा पैसे देऊ नका.

खरा फरक १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिट, म्हणजे फार दाबलेल्या) एमपी३ मध्ये पडतो. तानपुऱ्याची जवारी आणि टाळ त्यात आधी मार खातात. ३२० चं एमपी३ आणि मूळ सीडी यांतला फरक ओळखणं मात्र खूप अवघड आहे. साठवून ठेवायचं असेल तेव्हा फ्लॅक हा फाइलचा प्रकार वापरा. त्यात काहीच गळत नाही आणि फाइल सीडीच्या निम्म्याच्या आसपास बसते. एमपी३ चं फ्लॅक करून गेलेलं परत येत नाही. कुणी ‘फ्लॅक’ म्हणून दिलेली फाइल शंकास्पद वाटली तर स्पेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा. १६ किलोहर्ट्झच्या वर सरळ रेषेत कापलेलं चित्र दिसलं तर ती बहुधा १२८ च्या एमपी३ मधून आलेली आहे. जुन्या तबकड्यांना हा नियम लावू नका. १९२५ च्या आधीचं मुद्रण तर मायक्रोफोनशिवाय, भोंग्यासमोर गाऊन झालेलं, त्यात वरचे स्वर मुळातच नाहीत.

कपाटातल्या सीडी उतरवून घ्यायला यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकट सॉफ्टवेअर लागतं. ते ओरखड्यांच्या जागी पुन्हा पुन्हा वाचतं आणि निकाल इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीशी ताडून दाखवतं. सीडी पुसताना मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.

कॅसेटी असतील तर त्यांना आधी हात घाला, कारण त्या दर वर्षी खराब होत आहेत. गावातल्या भजनाच्या, आजोबांनी रेडिओवरून टेप केलेल्या मैफलींच्या कॅसेटी दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत. लॅपटॉपचं माइकचं भोक यासाठी वापरू नका, ते बहुधा मोनो असतं. लाइन-इन (बाहेरच्या उपकरणाचा आवाज आत घेणारं भोक) असलेला बेहरिंगर यूसीए२०२ सारखा छोटा यूएसबी इंटरफेस घ्या, ऑडॅसिटीमध्ये रेकॉर्ड करा, पातळीचा सर्वांत वरचा काटा उणे सहा डेसिबलपर्यंतच जाऊ द्या. आवाज दबका असेल तर डेकच्या हेडशेजारचा (हेड म्हणजे फीत वाचणारा भाग) बारीक स्क्रू अगदी थोडा फिरवून बघा. तिथे हेडचा कोन जुळला की वरचे स्वर उघडतात. आणि खरखर काढण्याचा फिल्टर हलक्या हाताने वापरा. तो तानपुऱ्यालाही खरखर समजतो आणि पुसून टाकतो. मूळ फाइल न छेडता वेगळी ठेवा.

फायलींना नावं देताना ‘कलाकार, अल्बम’ एवढ्यावर थांबू नका. फूबारमध्ये स्वतःचे रकाने करता येतात, देवनागरीत. राग, ताल, साथ आणि प्रहर असे चार रकाने भरले की सकाळी फक्त सकाळचे राग समोर येतात. काम वेळखाऊ आहे, रोज थोडं थोडं करा.

पायरी ६: स्पीकर

आता पैसे काढायची वेळ. एकूण खर्चाचा तीन चतुर्थांश भाग इथे जाऊ द्या.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारा भाग) आतच असलेली स्पीकरची जोडी. एडिफायरचा आर१२८०टी किंवा प्रीसोनसचा एरिस ३.५ या जातीचं काहीतरी बघा. चार इंची ड्रायव्हर ६० ते ७० हर्ट्झच्या खाली फारसा जात नाही, पण लहान खोलीत ते बरंच आहे. खोली ज्या स्वरांना फुगवते ते स्पीकरमध्ये कमीच असलेले बरे. खोक्यावरच्या ‘पीएमपीओ’ (क्षणभराचे, जाहिरातीपुरते) वॅटच्या हजारांच्या आकड्याला काही अर्थ नाही, आरएमएस (सतत मिळणारे) वॅट विचारा. आणि तेही फार नकोत: वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम तीन डेसिबलने वाढतो.

दुसरा मार्ग जुन्या स्पीकरांचा, आणि थोडे कष्ट घ्यायची तयारी असेल तर मला तोच जास्त आवडतो. पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड इथे ॲम्प, सुटे भाग आणि दुरुस्ती करणारे आहेत. कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या देशी कंपन्यांचे जुने लाकडी स्पीकर घराघरांत पडून आहेत. घेताना जाळी काढून कोनच्या (स्पीकरच्या शंकूसारख्या पडद्याच्या) कडेचं फोम बोटाने हलकेच दाबा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते कुजून भुगा होतं. रबर किंवा कापडाची कड असेल तर टिकते. फोम गेलेलं असेल तर नवीन कड लावून मिळते, तो खर्च भावात धरा. कोन चार बोटांनी सारखा दाबून सोडा, आत घासल्याचा आवाज आला तर तो स्पीकर घेऊ नका. तारांना क्षणभर दीड व्होल्टचा सेल लावा: धन टोक बरोबर असेल तर कोन बाहेर येतो.

याला ॲम्प म्हणून टीपीए३११६ चिपचा तयार बोर्ड किंवा डबी पुरते. जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर त्याला चालतो आणि आठ ओहमच्या स्पीकरला वीसेक वॅट मिळतात. त्याहून जास्त आवाजावर ऐकलंत तर शेजारी दार वाजवतील. तार म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. तीन मीटरच्या अंतरात तिचा रोध ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो, म्हणून हजारो रुपयांच्या तारेने ऐकण्यात भर पडत नाही.

जागा फारच लहान असेल, किंवा रात्रीच ऐकायला वेळ मिळत असेल, तर हे सगळे पैसे एका चांगल्या वायरवाल्या हेडफोनला द्या. खोलीचा सगळा प्रश्नच मिटतो.

पायरी ७: डॅक, लागलाच तर

माउस हलवला की स्पीकरमध्ये किरकिर येते, किंवा गाणं थांबवल्यावरही सळसळ राहते: असं असेल तर बाहेरचा डॅक घ्या. ॲपलचा यूएसबी-सी ते ३.५ मिमीचा छोटा अडॅप्टर हजाराच्या आसपास मिळतो आणि संगणकाला लावल्यावर त्याचा आवाज अतिशय स्वच्छ असतो. कॅसेटींसाठी यूसीए२०२ घेतलेला असेल तर त्यातही डॅक आहेच, दुसरा नको.

त्याहून महागडा घ्यावासा वाटला तर आधी डोळे झाकून परीक्षा करा. दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा करा, कारण जो थोडा मोठा तो नेहमीच चांगला वाटतो. मग घरातल्या कुणाला तरी न सांगता अदलाबदल करायला लावा आणि ओळखून दाखवा. फायलींची अशीच तुलना करायला फूबारचं एबीएक्स हे जोडसॉफ्टवेअर आहे.

पायरी ८: इक्वलायझर

इक्वलायझर म्हणजे हव्या त्या स्वरांचा आवाज कमी-जास्त करणारं साधन. जागा बदलूनही एखादा स्वर घुमतच असेल तर इक्वलायझर एपीओ हे फुकट सॉफ्टवेअर घाला. पायरी ३ मध्ये भागाकाराने जो आकडा आला, त्या फ्रिक्वेन्सीवर अरुंद फिल्टर लावून चार ते सहा डेसिबल कमी करा आणि खर्जाची तार पुन्हा ऐका. मोजून करायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हेही फुकट आहे, त्याला मोजणीचा माइक लागतो. तो ओळखीत कुणाकडे असला तर उसना आणा. इक्वलायझरने फक्त उंचवटे उतरवा. खोलीत जो स्वर गायब होतो तो वाढवायला गेलात तर ॲम्पवर ताण येतो आणि स्वर तरीही परत येत नाही. फूबारमध्ये ‘एक्सक्लुझिव्ह’ निवडलेलं असेल तर हा इक्वलायझर लागू होत नाही, तेव्हा दोन्हींपैकी एक ठरवा. घुमणाऱ्या खोलीत मी इक्वलायझर निवडतो.

एवढं झाल्यावर पैसे उरले तर दुसरी हार्ड डिस्क घ्या आणि सगळ्या गाण्यांची प्रत त्यात करून ती दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा. दर दिवाळीला आणून नवीन भर टाका. उतरवलेल्या कॅसेटींचं फोल्डर त्यात सर्वांत आधी कॉपी करा.